चहात गोड पान, खिशात साखर

दोन वर्षांपूर्वीच्या श्रावणातली गोष्ट. आमच्याकडे नेहमी येणारे एक निवृत्त गुरुजी सकाळीच दवाखान्यात आले ते हातात कुंडी घेऊन. कुंडीत वीतभर उंचीचे, दिसायला तुळशीसारखे रोप. "डॉक्टर, हे साखरेचे झाड. पान चावून बघा." मी पान तोंडात टाकले. क्षणभर काहीच कळले नाही. मग गोडी आली आणि ती जिभेवरून लवकर हटेना. शेवटी ज्येष्ठमधासारखी थोडी कडसर चव मागे राहिली. गुरुजींना मधुमेह होऊन बारा वर्षे झालेली. "घरात आता साखरेचा डबाच नको, असे मंडळींना सांगून टाकले आहे," ते अभिमानाने म्हणाले. मी त्यांचे कौतुक केले. ते करताना एक गोष्ट सांगायची माझ्याकडून राहून गेली. तिच्याकडे शेवटी येतो. आधी या पाहुण्या रोपाची ओळख करून घेऊ.

याचे नाव स्टीव्हिया. आपल्याकडे रोपवाटिकेत 'गोड तुळस' किंवा 'मधुपर्णी' म्हणून मिळते. तुळशीशी मात्र याचे काही नाते नाही. कुळ शेवंतीचे आणि सूर्यफुलाचे. मूळ गाव दक्षिण अमेरिकेतील पॅराग्वे. तेथील ग्वारानी लोक माते नावाचे कडवट पेय गोड करण्यासाठी ही पाने पिढ्यान्‌पिढ्या वापरत आले. मोइसेस बेर्तोनी या स्विस वनस्पतिशास्त्रज्ञाने १८९९ मध्ये या वनस्पतीचे शास्त्रीय वर्णन केले. १९३१ मध्ये दोन फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनी पानांतील गोड द्रव्य वेगळे काढले. १९७० नंतरच्या दशकात जपानने ते खाद्यपदार्थांत सर्रास वापरायला सुरुवात केली. आपल्या देशात या शुद्ध अर्काला अन्नपदार्थांत वापरण्याची परवानगी २०१५ मध्ये मिळाली.

येथे एक घोटाळा नेहमी होतो. मधुपर्णी वेगळी आणि मधुनाशिनी वेगळी. मधुनाशिनी म्हणजे आपली गुडमार, बेडकीचा पाला. तिचे पान चावून वर साखर खाल्ली तर तोंडात वाळू आल्यासारखी वाटते, कारण ती जिभेची गोड ओळखण्याची शक्तीच काही काळ बंद करते. एकीने गोड होते, दुसरीने गोड कळेनासे होते. बाजारात नाव विचारून घ्यावे.

आता शरीरात काय होते ते पाहू. साखर पोटात गेली की तिचे विघटन होऊन ग्लुकोज तयार होते आणि ते रक्तात उतरते. कोणता पदार्थ रक्तातील साखर किती वेगाने वाढवतो हे मोजण्याची एक पट्टी टोरोंटोच्या डेव्हिड जेंकिन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये मांडली. तिला ग्लायसेमिक इंडेक्स म्हणतात. शुद्ध ग्लुकोजला १०० धरले तर आपली नेहमीची साखर ६५ च्या आसपास येते. स्टीव्हियातील गोड द्रव्य लहान आतड्यात पचतच नाही. मोठ्या आतड्यातले जिवाणू त्याचे तुकडे करतात, यकृत त्यावर पुढची प्रक्रिया करते आणि ते लघवीवाटे निघून जाते. त्यातून ग्लुकोज रक्तात येत नाही. जीभ गोड म्हणते, रक्ताला मात्र पत्ताच नसतो. हे वाक्य ध्यानात ठेवा, पुढे कामाला येईल.

गुळाविषयी दोन शब्द सांगितल्याशिवाय राहवत नाही. हल्ली कोपऱ्याकोपऱ्यावर गुळाच्या चहाच्या पाट्या लागल्या आहेत आणि आमचे अनेक मधुमेही बांधव तेथे निर्धास्तपणे दोन-दोन कप घेतात. गुळात थोडेफार क्षार आहेत हे खरे, पण त्यातला सिंहाचा वाटा साखरेचाच. मधाचेही तसेच. 'नैसर्गिक' या शब्दाने रक्तातील साखर वाढायची थांबत नाही. ऊसही नैसर्गिकच आहे!

गुरुजींच्या कुंडीतले एक रोप त्यांनी मलाही दिले, म्हणून महिनाभर घरी वापरून पाहिले. चहात दोन-तीन ताजी पाने उकळली. पहिले चार दिवस चहा काढ्यासारखा लागला. आले घातल्यावर मागची कडसर चव बरीच झाकली गेली. लिंबाच्या सरबतात मात्र हे पान झकास जमते, आंबटापुढे त्याचा दोष दिसतच नाही. काकडीच्या कोशिंबिरीत चिमूटभर भुकटी पुरते. लाडवाचा प्रयोग फसला. कारण उघड आहे. साखर नुसती गोडी देत नाही. ती पाकाला तार देते, वजन देते, रंग देते आणि मुरांबा टिकवते. यातले एकही काम स्टीव्हियाला येत नाही. सौभाग्यवतींचे मत असे की, सणाला पुरणपोळी खरी करावी आणि अर्धीच खावी. वैद्यक म्हणूनही मला ते पटते.

रोप लावायचे असेल तर कलम किंवा तयार रोप आणावे, बी फारसे रुजत नाही. कळ्या दिसल्या की खुडून टाकाव्यात, कारण फुलोरा येण्याआधीची पाने सर्वांत गोड. सावलीत वाळवून भुकटी करावी. मात्र हेही सांगितले पाहिजे, की संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ समितीने आणि अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने मान्यता दिली आहे ती शुद्ध केलेल्या अर्काला. कच्च्या पानाला अमेरिकेत गोडी आणणारा पदार्थ म्हणून तशी मान्यता नाही. कपात दोन पाने टाकल्याने कोणी घाबरून जावे असे नाही, पण 'पान आहे, कितीही खा' हा हिशेबही बरोबर नाही.

बाजारातल्या पुडीविषयी जरा सविस्तर लिहितो, कारण फसगत तेथेच होते. शुद्ध अर्क साखरेपेक्षा २०० ते ३०० पट गोड असतो. म्हणजे पाच ग्रॅम साखरेचे काम अवघ्या २० मिलिग्रॅममध्ये होते. एवढीशी भुकटी चमच्याने मोजणार कशी? म्हणून कारखानदार तिच्यात दुसरी पावडर मिसळतात. कधी डेक्स्ट्रोज, कधी माल्टोडेक्स्ट्रिन, कधी एरिथ्रिटॉल. डेक्स्ट्रोज म्हणजे ग्लुकोजच. माल्टोडेक्स्ट्रिनही रक्तातील साखर झपाट्याने वाढवते. एका ग्रॅमच्या पुडीने फारसे बिघडत नाही, पण 'साखरेइतकेच चमचे घाला' असे लिहिलेला मोठा डबा आणून खिरीत ओतला तर मूळ हेतूच बुडतो. एरिथ्रिटॉल साखर वाढवत नाही. मात्र २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात, रक्तात ते जास्त असलेल्यांत हृदयविकार आणि पक्षाघाताचे प्रमाण अधिक दिसले. त्यामुळेच ते झाले असे सिद्ध झालेले नाही. तरी ज्यांना हृदयाचा त्रास आहे त्यांनी डॉक्टरांना विचारूनच घ्यावे. तेव्हा डब्याच्या पुढच्या हिरव्या पानाच्या चित्राकडे पाहू नका, डबा उलटा करून मागची बारीक अक्षरे वाचा. चष्मा लावून वाचा.

किती घ्यावे? तज्ज्ञ समितीने ठरवलेल्या मर्यादेचा हिशेब केला तर ६० किलो वजनाच्या माणसाला रोज साधारण ६०० मिलिग्रॅम अर्क चालतो. म्हणजे सुमारे तीस चमचे साखरेची गोडी. चहापुरते वापरणारा तेथवर पोचत नाही.

पण चहातली साखर गेली म्हणजे मधुमेह आटोक्यात आला असे नव्हे. दिवसाचे चार कप, प्रत्येकी दोन चमचे, असे धरले तर चाळीस ग्रॅम साखर वाचते, ही कमाई लहान नाही. परंतु त्याच चहात बुडवलेले दोन बटर आणि टोस्ट हा सगळा मैदा असतो, त्याचेही ग्लुकोजच होते. वजन उतरवण्यासाठी अशा गोड पर्यायांवर विसंबू नये, असा सल्ला जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये दिला, त्यात स्टीव्हियाही आहे. ज्यांना आधीपासून मधुमेह आहे त्यांना हा सल्ला लागू नाही. आणि पाने सुरू केली म्हणून गोळ्या बंद करणे तर सर्वस्वी चूक.

आता ती राहिलेली गोष्ट. त्याच वर्षी दिवाळीच्या आधी गुरुजींनी माळा साफ करायला काढला. सकाळची गोळी घेतलेली, जेवणाला दोन वाजले. अचानक दरदरून घाम, हातांना कंप, बोलणे असंबद्ध. साखर उतरली की गोड द्यायचे, हे काकूंना पक्के ठाऊक होते. त्यांनी लगबगीने सरबत केले आणि घरात जे 'गोड' होते ते, म्हणजे पानांची भुकटी, दुप्पट घातली. गुरुजी ते प्यायले. वीस मिनिटे गेली तरी उतार नाही, उलट डोळे मिटू लागले. शेजारचा मुलगा मला बोलवायला आला. यंत्रावर आकडा ४८. साखर मागितली तर घरात दाणा नाही! शेजारून वाटी आली, चार चमचे पाण्यात विरघळवून घोट घोट पाजले आणि पंधरा मिनिटांत गुरुजींनी मला नावाने हाक मारली.

"डॉक्टर, इतके गोड दिले होते हो," काकू रडवेल्या होऊन म्हणाल्या, "मग साखर चढली का नाही?" चूक त्यांची नव्हती, मी श्रावणातच सांगायला हवे होते.

इन्शुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या घेणाऱ्यांनी खरी साखर किंवा ग्लुकोज पावडर घरात आणि खिशात ठेवलीच पाहिजे. आकडा ७० च्या खाली गेला किंवा घाम, कंप, धडधड सुरू झाली की तीन-चार चमचे पाण्यातून घ्यावेत, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे, गरज पडल्यास पुन्हा द्यावेत आणि बरे वाटल्यावर काहीतरी खावे. सोबत व्होग्लिबोज किंवा अकार्बोज चालू असेल तर साध्या साखरेचा गुण उशिरा येतो, त्यांनी ग्लुकोजच ठेवावे. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नये, थेट रुग्णालय गाठावे.

गुरुजींच्या अंगणात गोड तुळस अजून आहे, चहाही तिचाच होतो. साखरेचा एक छोटा डबा मात्र परत आला आहे. तो स्वयंपाकघरात नाही, गोळ्यांच्या फळीवर असतो आणि त्यावर काकूंनी मोठ्या अक्षरांत चिठ्ठी डकवली आहे : 'औषध'.