पहिले पाऊल कोणाचे?

बँकेत चौतीस वर्षे काढल्यामुळे मला एक खोड लागली होती. कागदावर नोंद नसेल ती गोष्ट घडलीच नाही, असे मी धरून चालत असे. कादंबऱ्या लिहायला लागलो तरी ही खोड गेली नाही. ती गेली गेल्या वर्षी, लालबागच्या आमच्या चाळीचा पुनर्विकास ठरला तेव्हा.

पुतण्या म्हणाला, "काका, खोली आपल्याकडे कधीपासून आहे, त्याचे जुने कागद शोधा. तुम्ही बँकवाले." मी आनंदाने कामाला लागलो. घरातली कथा मला पाठच होती. राजापूर तालुक्यातल्या खेड्यातून पणजोबा निघाले, जैतापूर बंदरात बोटीवर चढले, परळच्या एका गिरणीत साच्यावर उभे राहिले आणि त्यांनी ही खोली घेतली. मुंबईत पाऊल टाकणारा घराण्यातला पहिला पुरुष! दर गणपतीत त्यांच्या नावाने नारळ वाढवला जातो.

अशी कथा गिरणगावात घरोघरी आहे. ताडदेवला दावरशेटची पहिली कापड गिरणी १८५६ साली सुरू झाली आणि पुढच्या पन्नास वर्षांत कोकणातली गावेच्या गावे परळ-लालबागच्या चाळींत येऊन राहिली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांत मुंबईत रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेल्यांची संख्या दोन लाखांवर होती. पण आले ते बहुतेक एकटे पुरुष. बायकामुले शेतीपाशी गावी. गावकीच्या एका गाळ्यात पंचवीस-तीस जण राहायचे. एक पाळी कामाला गेली की दुसरी त्याच वळकट्यांवर झोपायची.

मोठ्या घराण्यांचे कुलवृत्तांत छापलेले असतात. आमच्यासारख्या कुणब्यांचा कोण छापणार? म्हणून मी नाशिक गाठले. रामकुंडावरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या म्हणजे आमच्या बँकेच्या लेजरांचे आजोबा. गाव सांगा, आडनाव सांगा, पान निघते. आमचेही निघाले. मजकूर मोडीत. गुरुजींनी वाचून दाखवला. आजोबा १९४४ साली आले होते. त्यांच्या खाली मुलांची नावे, वर पणजोबांचे आणि खापरपणजोबांचे. येण्याचे कारण एकाच ओळीत: आईच्या अस्थी घेऊन आले. आईचे नाव मात्र पानावर कुठेच नव्हते. ज्या बाईसाठी ही माणसे गोदावरीवर आली, तीच तेवढी वहीबाहेर राहिली होती.

ती सापडली घरातच. माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत भाडेपावत्यांची चळत होती. सर्वांत जुनी १९२१ सालची आणि तिच्यावर भाडेकरू म्हणून नाव पणजीचे! पावती मी दोनदा उलटून पाहिली. मग उठलो आणि दादरला आत्याकडे गेलो. आत्या नव्वदीच्या पुढची. आजी म्हणून पणजीच्या मांडीवर वाढलेली घरातली आता ती एकटीच.

"तुला आत्ता कळलं?" आत्या म्हणाली. "आजोबा कुठले खोली घेतायत! ते प्लेगात गेले. आये तेव्हा गावाला. पोर कडेवर घेऊन बोटीत बसली. पुढं खानावळ काढली. दोन डझन गिरणीवाले जेवायचे तिच्याकडं."

१८९६ च्या सप्टेंबरात मांडवीत प्लेगचा पहिला रोगी आढळला आणि पुढची काही वर्षे साथ पुन्हापुन्हा येत राहिली. लोक मुंबई सोडून गावाकडे पळत होते. आमची पणजी त्या दिवसांत उलट्या दिशेने आली.

आत्याने हिशेब सांगितला. जेवणाचे पैसे महिन्याला, पगाराच्या दिवशी. पणजीला लिहिता येत नव्हते. भिंतीवर कोळशाच्या रेघा. संप झाला तर रेघा वाढत, पैसे थांबत, पण ताट थांबत नसे. नारायण मेघाजी लोखंड्यांच्या चळवळीमुळे १८९० पासून गिरण्यांना रविवारची सुट्टी मिळाली, असे आपण अभिमानाने सांगतो. "रविवारी आयेला दुप्पट काम," आत्या म्हणाली. "सुट्टी म्हणून सगळे दोन वेळा घरी जेवायचे."

ऐकताना मला माझीच एक जुनी गोष्ट आठवली. प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले आणि खानावळवाल्या बायकांना बँकेचे कर्ज मिळू लागले. मी नोकरीला लागलो तो बेमुदत संपाचा, १९८२ चा काळ. घरोघरी भोंगा ऐकून उठणारी माणसे बसून होती. अशा वेळी एक खानावळवाली बाई खाते उघडायला काउंटरवर आली. फॉर्मवर 'व्यवसाय' या रकान्यात मी तिला न विचारता लिहिले: गृहिणी. ती रोज तीस माणसांना जेवू घालत होती. लालबागचाच मुलगा मी, आणि तरी माझा हात अडला नाही. नाशिकच्या वहीला नावे ठेवण्याचा मला काय अधिकार?

ही खोली पणजीकडून आजोबांकडे, मग वडिलांकडे, मग भावाकडे आली. दर वेळी पुरुषाच्या नावावर चढली. आत्याला कोणी कधी विचारले नाही. मी पावती पुतण्यासमोर ठेवली. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "आता आत्याआजीला विचारल्याशिवाय कशावरही सही करायची नाही."

आम्ही विचारले. आत्या म्हणाली, "मला काही नको. पाडायच्या आधी चुलीची जागा तेवढी दाखवा." मंडळाच्या चार पोरांनी तिला खुर्चीत बसवून तीन जिने वर नेले. तिथे आता फ्रीज आहे. तो सरकवायला लावून तिने काळवंडलेल्या भिंतीवर हात ठेवला आणि बराच वेळ तशीच बसून राहिली.

वंशावळीत आता सर्वांत वर पणजीचे नाव आहे, आणि यंदाचा नारळ तिच्या नावाने वाढवला. ते नाव इथे छापणार होतो. आत्याने बजावले, "पेपरात नको देऊस. गिऱ्हाईक वाढलं तर रांधणार कोण?"