एक तारीख, पाच लेखक

जुनी माणसे अजूनही अभिमानाने म्हणतात, 'जालना, सोने का पालना.' पाळण्याचे नाव मिरवणाऱ्या या जिल्ह्यात एक साधा प्रश्न मात्र अनेक घरांत अडतो. आजोबांचा जन्म नेमका कधीचा? आधार कार्ड काढून पाहिले तर बहुधा १ जून सापडते. शेजारच्या चाचांचीही तीच, गल्लीतल्या पाटीलकाकांचीही तीच. शाळेत नाव घालताना आईवडिलांना तारीख सांगता आली नाही, तेव्हा गुरुजींनी वय अंदाजे धरले आणि नव्या शैक्षणिक वर्षाच्या तोंडावरची एक सोयीची तारीख लिहून टाकली. मराठवाड्यातल्या कितीतरी माणसांचा जन्म असा शाळेच्या रजिस्टरात झाला.

तसे पाहिले तर दोन माणसांची जन्मतारीख एक असणे ही काही फार दुर्मिळ गोष्ट नाही. गणित सांगते की कोणतीही २३ माणसे एकत्र आली, तर त्यांत निदान दोघांचा वाढदिवस एकाच दिवशी असण्याची शक्यता निम्म्याहून जास्त असते. चाळीस मुलांच्या वर्गात ही शक्यता दहात जवळपास नऊ इतकी होते. म्हणून एका तारखेला जन्मलेल्यांचे नशीब सारखे, स्वभाव सारखा, असले काही मानण्याचे कारण नाही. तरीही अशी एखादी तारीख हाती घेऊन तिच्यावरची माणसे पाहिली, तर पुष्कळ शिकायला मिळते. जालन्याशी नाते सांगणारी अशी एक तारीख आहे, १४ जानेवारी.

जालन्यात राहून गेलेला इतिहासकार

अकबर बादशहाचे इतिहासकार अबुल फजल यांचा जन्म आग्र्यात झाला. 'आईन-ए-अकबरी'च्या शेवटी त्यांनी स्वतःची हकीकत लिहिली आहे आणि तीत जन्माचा दिवसही नोंदवला आहे, ६ मुहर्रम ९५८ हिजरी. इंग्रजी तारखेत तो दिवस १४ जानेवारी १५५१ असा येतो. वडील शेख मुबारक मोठे आलिम, थोरले भाऊ फैजी नामवंत शायर. अशा लिहित्यावाचत्या घरात मुलाचा जन्म नोंदला जाणे साहजिक होते.

१५९९ साली बादशहाने त्यांना दख्खनच्या मोहिमेवर पाठवले. त्याच वर्षी शहजादा मुराद यांचे निधन झाले. ते जालनापूरच्या आसपास झाले, असे जहांगीरने आपल्या आठवणींत सांगितले आहे. मागे राहिलेले सैन्य सावरण्याची जबाबदारी अबुल फजल यांच्यावर आली. ते काही काळ जालन्यात राहिले होते, अशी नोंद जुन्या गॅझेटियरांतही आहे. १६०२ मध्ये दख्खनहून परत जाताना ग्वाल्हेरजवळ त्यांची हत्या झाली. मागे राहिले ते 'अकबरनामा' आणि 'आईन-ए-अकबरी'. धान्याचे भाव, कारागिरांची मजुरी, सुभ्यांचा महसूल, शाही भटारखान्यातले पदार्थ, एवढे सगळे त्यांनी टिपून ठेवले. त्यात वऱ्हाड सुभ्याचेही वर्णन आहे.

त्याच तारखेचे आणखी चौघे

१४ जानेवारी १८९६ रोजी महाडजवळच्या नाते या गावी चिंतामणराव देशमुख जन्मले. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर आणि पुढे देशाचे अर्थमंत्री म्हणून त्यांना सगळे ओळखतात. मुंबईच्या प्रश्नावर १९५६ मध्ये त्यांनी मंत्रिपद सोडले. आकड्यांत आयुष्य गेलेल्या या माणसाने कालिदासाचे 'मेघदूत' मराठी पद्यात आणले, ही गोष्ट मात्र फार थोड्यांना ठाऊक असते.

१४ जानेवारी १९०५ हा दुर्गा खोटे यांचा जन्मदिवस. चांगल्या घरातल्या स्त्रीने पडद्यावर जाणे लाजिरवाणे मानले जात होते, त्या काळात त्या 'अयोध्येचा राजा'मध्ये तारामती झाल्या. पुढे 'मुगल-ए-आझम'मध्ये त्यांनी जोधाबाई साकारली. ज्या दरबाराचा इतिहास अबुल फजल यांनी लिहिला, त्याच दरबारातली राणी! 'मी, दुर्गा खोटे' हे त्यांचे आत्मचरित्र मराठीत स्त्रियांनी लिहिलेल्या आत्मकथनांत मानाने घेतले जाते.

१४ जानेवारी १९२६ रोजी ढाक्यात महाश्वेता देवी जन्मल्या. झाशीच्या राणीवरचे त्यांचे पहिले पुस्तक १९५६ मध्ये आले. त्यासाठी त्या त्या भागात हिंडल्या आणि लोकांच्या ओठावरच्या आठवणी त्यांनी गोळा केल्या. बिरसा मुंडा यांच्या उठावावरच्या 'अरण्येर अधिकार'ला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, आणि १९९६ मध्ये ज्ञानपीठ.

आणि आपल्या घरांत सर्वांत जवळचे वाटणारे नाव म्हणजे कैफी आझमी. आझमगढ जिल्ह्यातल्या मिजवान गावचे अतहर हुसैन रिझवी. 'आवारा सजदे'साठी साहित्य अकादमी पुरस्कार मिळवणारे, 'हकीकत'ची गाणी लिहिणारे शायर. त्यांचा जन्म १४ जानेवारी १९१९ असा दिला जातो.

खरेच एक तारीख?

आता इथे जरा थांबायला हवे. पाचांपैकी दोघांच्या तारखा वाटतात तेवढ्या सरळ नाहीत.

कैफीसाहेबांच्या घरात जन्मतारीख लिहून ठेवलेलीच नव्हती. अब्बांना स्वतःची तारीख माहीत नव्हती आणि माहितीपट करणाऱ्या त्यांच्या एका मित्राने १४ जानेवारी ठरवून टाकली, असे शबाना आझमी यांनी सांगितले आहे. म्हणजे आपल्याकडच्या १ जूनसारखीच ही गोष्ट. फरक इतकाच की गुरुजींच्या जागी इथे मित्र होता.

अबुल फजल यांची अडचण वेगळी आहे. त्यांनी तारीख चोख लिहिली, पण ती हिजरी सनाची. हिजरी वर्ष चंद्रावर चालते आणि ३५४ किंवा ३५५ दिवसांचे असते. म्हणून दरवर्षी ते इंग्रजी वर्षाच्या दहा-अकरा दिवस पुढे सरकते. सौर गणनेने ६५ वर्षांचा माणूस हिजरी गणनेने ६७ वर्षांचा होतो. शिवाय १५५१ साली युरोपातही आजचे कॅलेंडर नव्हते. १५८२ मध्ये पोप ग्रेगरी यांनी सुधारणा केली, तेव्हा ४ ऑक्टोबरच्या दुसऱ्या दिवशी थेट १५ ऑक्टोबर मोजला गेला. आजच्या कॅलेंडरने मागे मोजत गेलो, तर अबुल फजल यांचा जन्मदिवस २४ जानेवारीला पडतो.

उलट उदाहरणही आहे. शेक्सपिअर आणि स्पेनचे सर्व्हांतेस दोघेही २३ एप्रिल १६१६ ला गेले असे म्हणतात. पण स्पेनने नवे कॅलेंडर घेतले होते आणि इंग्लंडने घेतले नव्हते. तारीख एक असली तरी दोघांच्या जाण्यात दहा-अकरा दिवसांचे अंतर होते.

आपल्या जिल्ह्यातच याचे आणखी एक रूप दिसते. 'दासबोध' लिहिणारे समर्थ रामदास घनसावंगी तालुक्यातल्या जांबचे. त्यांचा जन्म शके १५३० च्या रामनवमीचा, आणि तो दरवर्षी तिथीनेच पाळतात. तिथी चंद्रावर चालते, म्हणून इंग्रजी तारीख मागेपुढे होते. मात्र अधिक महिन्यामुळे रामनवमी चैत्रातच राहते. हिजरी सनात अधिक महिना नाही, म्हणून आपला रमजान कधी उन्हाळ्यात येतो, कधी थंडीत.

खुद्द अकबराच्या काळी या फरकाचा प्रश्न उभा राहिला होता. बादशहाने १५८४ मध्ये सूर्यावर चालणारा इलाही सन सुरू केला. त्यामागचे एक कारण 'अकबरनामा'त दिले आहे. चंद्राची ३१ वर्षे सूर्याच्या ३० वर्षांएवढी होतात. पीक सूर्याच्या हिशेबाने येते, पण महसूल चंद्राच्या वर्षाने घेतला, तर रयतेला तीस वर्षांत एक सारा जास्तीचा भरावा लागतो. तारखेची चूक गरिबाच्या खिशातून वसूल होते, हे त्या काळीही कळले होते.

तारखेची किंमत

ती आजही वसूल होते. शाळेच्या दाखल्यावर एक तारीख, आधारवर दुसरी, मतदार यादीत फक्त अंदाजे वय. मग मुलीची शिष्यवृत्ती अडते, दादीची निवृत्तिवेतन योजना अडते, हजसाठी पासपोर्ट काढताना चकरा सुरू होतात. नावाच्या स्पेलिंगचा घोळ त्यात भर घालतो. शेख कुठे आधी, कुठे नंतर.

कैफीसाहेबांनी शमा झैदी यांच्यासोबत 'गर्म हवा'ची पटकथा लिहिली. फाळणीनंतर आग्र्यात राहिलेल्या एका मुस्लिम कुटुंबाची ती कहाणी. घर पिढ्यान्‌पिढ्यांचे, पण कागदावर नाव पाकिस्तानला गेलेल्या भावाचे. तेवढ्यावरून म्हाताऱ्या आईला आपल्या हवेलीतून उचलून न्यावे लागते. कागदावर काय लिहिले आहे, यावर माणसाचे छप्पर कसे टांगलेले असते, हे त्या चित्रपटाइतके क्वचितच कुणी दाखवले असेल.

महाश्वेता देवींनी दुसरी बाजू पाहिली. १८७१ च्या इंग्रजी कायद्याने काही जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवले होते. तिथे मूल जन्माला येणे म्हणजे पोलिसांच्या यादीत भर पडणे. स्वातंत्र्यानंतर १९५२ मध्ये तो कायदा गेला, डाग गेला नाही. १९९८ मध्ये महाश्वेता देवी, गणेश देवी आणि आपल्या मराठवाड्याचे 'उचल्या'कार लक्ष्मण गायकवाड यांनी मिळून विमुक्त जमातींच्या हक्कांसाठी संघटना उभारली. नोंद कोण ठेवतो आणि कशासाठी ठेवतो, हा प्रश्न त्यांनी आयुष्यभर विचारला.

आपल्या घरात काय करता येईल?

वाढदिवस साजरा करावा की नाही, यावर आपल्या घरांत वेगवेगळी मते आहेत. ती राहोत. जन्माची नोंद असावी, यावर मात्र मतभेद नसावा.

बाळ जन्मल्यापासून २१ दिवसांत नोंद झाली पाहिजे. दवाखान्यात बाळंतपण झाले तर ते काम दवाखाना करतो, तरी आपण विचारून खात्री करावी. घरी झाले तर ग्रामपंचायत, नगर परिषद किंवा महापालिकेत आपण जायचे. नाव ठरायचे असेल तरी नोंद थांबवू नये, नाव नंतर घालता येते. अकीका सातव्या दिवशी करण्याची आपली रीत आहे. त्या दिवशी नाव ठेवले की त्याच आठवड्यात दाखल्यावर ते चढवावे, आणि आईवडिलांच्या आधारवर आहे तसेच स्पेलिंग द्यावे. १ ऑक्टोबर २०२३ किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांसाठी शाळाप्रवेश, मतदार यादी, वाहन परवाना, सरकारी नोकरी अशा सर्व ठिकाणी जन्मतारखेचा पुरावा म्हणून हाच दाखला चालणार आहे.

दुसरे काम वहीचे. घरातल्या मोठ्या माणसांपाशी बसावे आणि विचारावे. ती तारीख सांगणार नाहीत, खुणा सांगतील. 'पोलीस ॲक्शनच्या वर्षी', 'मोठ्या दुष्काळात, ईदच्या तीन दिवस आधी'. मोठा दुष्काळ १९७२ चा, आणि त्या वर्षी रमजान ईद नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात आली होती. म्हणजे जन्म नोव्हेंबरच्या सुरुवातीचा. पोलीस ॲक्शन सप्टेंबर १९४८ ची. हिजरी महिना आणि गाजलेली घटना, दोन्ही हाती लागली की आठवड्यापर्यंत पोहोचता येते. सरकारी कागदांवर असलेली तारीख त्यासाठी बदलत बसू नये. तिथे सगळीकडे एकच तारीख राहील एवढे पाहावे. वही घरासाठी आहे. तीत हिजरी आणि इंग्रजी, दोन्ही तारखा लिहाव्यात.

आणि त्या वहीत आपल्या गावच्या लिहिणाऱ्यांनाही जागा द्यावी. जालन्याचे उर्दू शायर शम्स जालनवी वर्षानुवर्षे सायकलवरून घरोघर वर्तमानपत्रे पोहोचवत होते आणि मुशायऱ्यांत आपला कलाम वाचत होते. जुलै २०२० मध्ये, नव्वदी ओलांडल्यावर ते गेले. अशा माणसाचा एखादा मिसरा, एखादी आठवण, भेटीचा दिवस जालन्यातल्या कितीतरी घरांत असेल. तो लिहिला गेला तर राहील.

येत्या १४ जानेवारीला घरी तिळगुळाची देवाणघेवाण होईल, विद्यापीठाच्या नामविस्ताराचीही आठवण निघेल. त्याच दिवशी मुलांना ही पाच नावे सांगावीत. मग एक कोरी वही द्यावी आणि पहिल्या पानावर त्यांच्या दादा-दादीचे, नाना-नानीचे नाव आणि जन्म लिहायला सांगावे.