भुईरिंगणी : औषधी खरी, पण खाण्याची नव्हे

पावसाळा सरला, रानातले गवत वाळू लागले, की बागलाणच्या शिवारात एक झुडूप मात्र हिरवेगार राहते. सटाण्याच्या आसपासच्या पडीक जमिनी, बांध, गाडीवाटा, आरम नदीचा काठ, कुठेही पाहा. जमिनीला चिकटून गोल पसरलेले आणि अंगभर पिवळे काटे ल्यालेले हे झुडूप म्हणजे भुईरिंगणी, अर्थात काटेरिंगणी. काट्यांमुळे गुरेही तिच्या वाटेला फारशी जात नाहीत.

आयुर्वेदात हिला कंटकारी म्हणतात. दशमुळातील दहा मुळांपैकी एक मूळ हिचे असते. खोकला आणि दम्यावर वैद्य कंटकारी अवलेह देतात. त्यामुळे “डॉक्टर, ही तर औषधी वनस्पती, मग विषारी कशी?” असा प्रश्न मला दवाखान्यात अनेकदा विचारला जातो. प्रश्न रास्त आहे. वैद्य औषध देतात ते ठरावीक भागाचे, शुद्ध करून, मोजून आणि रोग्याचे वय पाहून. रानातल्या मुलाच्या हाती पडते ते कच्चे फळ, आणि ते किती खावे याला मोजमाप नसते.

बोरांच्या दिवसांत जपा

रिंगणीची फळे साधारणपणे हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात दिसतात. कच्चे फळ हिरवे, त्यावर पांढरे पट्टे, जणू इवलेसे कलिंगडच. पिकल्यावर ते पिवळे होते आणि आकाराने बोराएवढे असते. नेमके याच दिवसांत मुले रानात बोरे वेचत हिंडतात. मोठी मुले सहसा फसत नाहीत, पण तीन-चार वर्षांच्या पोराला पिवळे गोल फळ म्हणजे बोरच वाटते. फरक सोपा आहे. बोरात एकच कठीण आठळी असते. रिंगणीचे फळ फोडले तर आत वांग्यासारख्या असंख्य चपट्या बिया दिसतात. बोर झाडावर लागते, तर हे फळ जमिनीलगत असते आणि त्याच्या देठाकडच्या टोपीलाही काटे असतात.

नेमकी ओळख

चार खुणा लक्षात ठेवा. झुडूप उभे न वाढता जमिनीवर पसरते. काटे सरळ, पिवळे, चकचकीत असून ते पानाच्या शिरांवर दोन्ही बाजूंनी असतात. फूल जांभळे, वांग्याच्या फुलासारखे, मध्ये पिवळे केसर. फळ आधी पट्ट्यांचे हिरवे, मग पिवळे. वांगे, बटाटा, टोमॅटो आणि मिरची ही सारी हिच्याच कुळातली.

हिच्याशी घोटाळा होतो तो तीन झाडांचा. पिवळा धोत्रा काटेरी खरा, पण त्याचे फूल पिवळे, पान पांढऱ्या शिरांचे, आणि पान तोडले की पिवळा चीक येतो. तो रिंगणीच्या कुळातला नाही, मात्र विषारी आहे. त्याच्या बियांचे तेल मोहरीच्या तेलात मिसळले गेल्यामुळे १९९८ साली दिल्लीत जलशोथाची मोठी साथ आली होती व त्यात अनेकांचे प्राण गेले. दुसरा साधा धोत्रा. त्याचे फक्त फळ काटेरी, फूल कर्ण्यासारखे लांब. त्याचे विष सर्वांत घातक. तोंडाला कोरड पडते, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होतात, अंग तापते आणि रोगी बरळू लागतो. तिसरी डोरली. ती रिंगणीची सख्खी बहीण, पण उभी वाढते आणि तिला फळांचे घोस येतात.

विष काय करते?

रिंगणीत सोलानिनसारखी द्रव्ये असतात. हिरव्या पडलेल्या, मोड आलेल्या बटाट्यात असतात ती याच जातीची, आणि ती शिजवूनही नीट जात नाहीत. फळ पोटात गेल्यावर काही तासांनी मळमळ, उलट्या, पोटात कळा, जुलाब सुरू होतात. मूल मलूल होते, गुंगीत राहते. लहान मुलाच्या अंगातले पाणी झपाट्याने कमी होते, आणि खरा धोका तोच.

मुलाने फळ खाल्ल्याचे कळले तर तोंडात उरलेले काढून टाका, चूळ भरायला लावा. मिठाचे पाणी पाजून किंवा घशात बोट घालून उलटी काढू नका. घरगुती काढा, लिंबू, तूप काहीही देऊ नका. किती वाजता आणि किती खाल्ले ते आठवा, त्या झाडाची फांदी फळासह पिशवीत घ्या आणि सरळ दवाखाना गाठा. फांदी पाहिली की रिंगणी की धोत्रा हे डॉक्टरला लगेच कळते, कारण दोन्हींचे उपचार वेगळे आहेत. वाहन नसेल तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवा.

धुरीचा उपाय

दाढ दुखू लागली की रिंगणीच्या बियांची धुरी घेण्याची चाल आपल्याकडे जुनी आहे. धुरीने दातातले किडे पडतात, असा समज आहे. दात किडतो तो डोळ्यांना न दिसणाऱ्या जंतूंमुळे. दातात अळ्या नसतातच, मग पडणार कुठून? धुराने तोंड भाजते, मूळ रोग तसाच राहतो आणि दाढ आतून पोखरली जाते.

निंदणी करताना हाताला काटा बोचला तर तो चिमट्याने काढा, जखम साबणाने धुवा आणि धनुर्वाताचे इंजेक्शन घेतले आहे की नाही ते डॉक्टरांना विचारा.

घराच्या, अंगणवाडीच्या, शाळेच्या आवारात रिंगणी दिसली तर फळ धरण्याआधीच ती कुदळीने मुळासकट खणून काढा. नुसती वरून कापली तर मुळातून पुन्हा फुटते. रानातली सगळी काढणे शक्य नाही, तशी गरजही नाही. मुलांना एकदा शिवारात नेऊन हे झुडूप दाखवा, फळ फोडून आतल्या बिया दाखवा आणि हात धुवायला लावा. “खाऊ नको” एवढे बजावण्यापेक्षा डोळ्यांनी पाहिलेले मूल अधिक लक्षात ठेवते.