बारा मीटरांचं तेल

तेलविहीर म्हटली की सरळ खाली गेलेलं भोक डोळ्यांसमोर येतं. माझ्याही मनात पुष्कळ वर्षं तेच चित्र होतं. नॉर्वेच्या ट्रोल क्षेत्राविषयी वाचू लागलो आणि ते मोडलं.

उत्तर समुद्रात ३०० मीटरहून अधिक पाण्याखाली १९७९ मध्ये सापडलेलं हे क्षेत्र मुख्यतः नैसर्गिक वायूचं. वर वायू, खाली खारं पाणी आणि मधे तेलाचा पातळ थर. पश्चिम भागात तो कुठे २२ ते २६ मीटर, तर कुठे जेमतेम ११ ते १३. उभ्या विहिरीतून उपसा जोरात केला की एकाच जागी वरून वायू आणि खालून पाणी ओढलं जातं. त्यामुळे हे तेल हाती लागणार नाही, असंच आधी धरलं गेलं होतं. आडवी विहीर तोच ओढा लांबवर वाटून देते.

पण आडवं वळायचं नेमकं कुठे? जहाजावरून सोडलेला ध्वनी थरांवर आपटून परततो, तेव्हा हाती येतो तो वेळ, खोली नव्हे. खडकातल्या वेगाचा अंदाज धरूनच खोली काढायची. साठा साधारण दीड हजार मीटरांवर. अंदाज एक टक्का चुकला तर फरक १५ मीटरांचा, म्हणजे तेलाच्या जाडीहून जास्त! शिवाय विहिरीचा कल मोजताना पाव अंशाची चूक राहिली, तर किलोमीटरभरात चार मीटरांची भर.

म्हणून आराखड्यात खोलीचा एकच आकडा चालत नाही, पल्ला लागतो. जवळच्या उभ्या विहिरींवरून तो आवळता येतो, संपत नाही. पोलादी नळी एकदम वळत नाही, तेव्हा तिरप्या वाटेनं हळूहळू उतरायचं. अपेक्षित थर लवकर लागला तर काय आणि उशिरा लागला तर काय, हे आधीच ठरवून. खारं पाणी वीज वाहून नेतं, तेल नेत नाही. छिद्र पाडता पाडताच हा फरक टिपणारं उपकरण पाणी किती जवळ आलं ते सांगतं. मला यातली खरी गंमत इथे वाटते: पाण्याची समुद्रसपाटीपासूनची खोली चुकली तरी चालते, विहिरीपासूनचं अंतर कळलं की पुरे.

विहीर थराच्या मधोमध ठेवतात असं मी समजत होतो. ट्रोलमध्ये ती पाण्याच्या किंचित वर ठेवतात, कारण वायू तेलापेक्षा फार सहज वाहतो आणि एकदा शिरला की तेलाची वाट अडते. १९९५ मध्ये इथून तेल येऊ लागलं. तिथेही खोली साधली म्हणजे झालं असं नाही. स्वच्छ जाड वाळूतून विहीर अभ्रकमिश्रित बारीक वाळूत शिरली, की तेलात असूनही तेवढा तुकडा फारसं देत नाही.