मेंढा गावाने कायदा वाचला

गडचिरोली जिल्ह्यात धानोरा तालुका आहे. त्या तालुक्यात मेंढा नावाचे एक लहानसे गाव आहे. शेजारच्या गावाचे नाव लेखा. म्हणून या गावाला मेंढा-लेखा असेही म्हणतात. घरे शंभराच्या आसपास. वस्ती गोंड लोकांची. गावाभोवती जंगल. जंगलात बांबू आहे, मोह आहे, तेंदू आहे, चारोळी आहे.

गोंड माणूस आणि जंगल यांचे नाते फार जुने. कुडाला बांबू जंगलातला. चुलीला लाकूड जंगलातले. मोहफुले, मध, कंदमुळे हीही तिथलीच. आजा-पणजापासून असेच चालत आले.

पण एक अडचण होती. जंगल गावाचे, आणि कागद सरकारचा!

असे कसे झाले? इंग्रजांना रेल्वेसाठी आणि जहाजांसाठी लाकूड हवे होते. त्यांनी १८६५ साली जंगलाचा पहिला कायदा केला. पुढे १८७८ चा आला, मग १९२७ चा आला. जंगले सरकारच्या ताब्यात गेली. तिथे राहणाऱ्या माणसाला कोणी विचारले नाही. १९४७ साली स्वराज्य आले, तरी हा कारभार तसाच राहिला. कागदाच्या कारखान्याला बांबू तोडायचा ठेका मिळे. गावच्या माणसाने घरासाठी बांबू आणला, तर मात्र त्याला भीती. आपल्याच रानात तो चोर ठरे.

१९८० नंतरच्या काळात आणखी एक संकट आले. इंचमपल्ली आणि भोपालपट्टनम इथे मोठी धरणे बांधायचे घाटत होते. पुष्कळ जंगल आणि गावे बुडणार होती. लोक उठले. ‘जंगल बचाव, मानव बचाव’ अशी चळवळ झाली. मेंढ्याचे लोकही तीत होते. धरणे थांबली. पण मेंढ्याच्या लोकांच्या मनात एक प्रश्न राहिला. ‘आज धरण थांबलं. उद्या दुसरं काही आलं तर? आपल्या गावाचा कारभार कोण करणार?’

उत्तर त्यांनी आपणच शोधले. ते म्हणू लागले, ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार.’

नुसती घोषणा देऊन कारभार होत नाही. त्याला माहिती लागते. म्हणून गावाने अभ्यास गट सुरू केला. गावातले देवाजी तोफा यात पुढे होते. मोहन हिराबाई हिरालाल हे कार्यकर्ते त्यांच्या जोडीला होते. अभ्यास गट म्हणजे शाळा नव्हे. चार माणसे बसतात. ज्याला येता येईल तो येतो. एकजण वाचतो, बाकीचे ऐकतात. कळले नाही तर विचारतात. बाहेरचा जाणता माणूस आला, तर त्यालाही प्रश्न विचारतात. जंगलाचा अभ्यास झाला, कायद्याचा झाला, मधाचाही झाला. पूर्वी पोळे जाळून मध काढत. त्यात माश्या मरत. माश्या न मारता मध कसा काढावा, हे लोकांनी शिकून घेतले.

अभ्यास गटात निर्णय होत नाही. निर्णय ग्रामसभेत होतो. तिथे मते मोजत नाहीत. सर्वांना पटेपर्यंत बोलणे चालते. बायाही बसतात आणि बोलतात. उशीर लागतो खरा. पण निर्णय झाला की तो साऱ्या गावाचा असतो.

या अभ्यासाचा उपयोग केव्हा झाला, ते आता पाहा.

२००६ साली संसदेने वन हक्क कायदा केला. जंगलात राहणाऱ्या लोकांवर पूर्वी अन्याय झाला, असे हा कायदाच म्हणतो. या कायद्याने दोन प्रकारचे हक्क दिले. एक, कसत असलेल्या जमिनीवर कुटुंबाचा हक्क. दुसरा, जंगलावर साऱ्या गावाचा हक्क. त्याला सामूहिक हक्क म्हणतात. मेंढ्याने सामूहिक हक्काचा दावा केला. २००९ साली सुमारे १८०० हेक्टर जंगलावर गावाचा हक्क मान्य झाला. देशात असा हक्क सर्वांत आधी मिळालेल्या गावांत मेंढा आहे.

हक्क मिळाला, पण बांबू गावाबाहेर नेता येईना. वाहतुकीचा पास मिळेना. कारण काय? १९२७ च्या कायद्यात बांबू झाडात मोजला होता. झाड म्हणजे इमारती लाकूड, आणि ते वनखात्याचे. पण लोकांनी नवा कायदा वाचला होता. त्यात बांबू गौण वनउपजात लिहिला आहे. मध आणि तेंदूपत्ता ज्या यादीत आहेत, त्याच यादीत बांबू आहे. आणि गौण वनउपजावर गावाची मालकी आहे. गाव या एका शब्दावर अडून बसले. अखेर एप्रिल २०११ मध्ये केंद्राचे त्या वेळचे वनमंत्री जयराम रमेश मेंढ्याला आले. त्यांनी पासाचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिले. आता पास ग्रामसभा देऊ लागली. ज्या बांबूसाठी माणूस चोर ठरत होता, तोच बांबू गाव उजळ माथ्याने विकू लागले.

तुमचे गाव जंगलाजवळ असेल, तर एवढे ध्यानात ठेवा.

दावा ग्रामसभेतून सुरू होतो. ग्रामसभा आपली वन हक्क समिती निवडते. या सभेला निम्मी माणसे तरी हजर लागतात. हजर असलेल्यांत एक तृतीयांश तरी बाया हव्यात. पुरावा म्हणून जुने कागद चालतात. म्हाताऱ्या माणसांनी सांगितलेले लिहून घेतले, तर तेही चालते. दावा नाकारला, तर कारण लेखी मागा. साठ दिवसांच्या आत वरच्या समितीकडे दाद मागता येते.

आणि हक्क मिळाला म्हणजे काम संपले असे नाही. जंगल राखण्याची जबाबदारीही गावावर येते. किती तोडायचे आणि किती ठेवायचे, हे गावानेच ठरवायचे.

मेंढ्यात सारेच शिकलेले नव्हते. वाचणारे थोडे होते, ऐकणारे पुष्कळ होते. तरी साऱ्या गावाला कायदा कळला. तुम्हाला आता वाचता येते. मग एकट्याने वाचू नका. चार जणांना बोलवा आणि मोठ्याने वाचा.