सराटे, पाणी आणि एकटी सायकल

२०१६च्या उन्हाळ्यात मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं आणि देशभर त्याची बातमी झाली. पहिल्याच खेपेला पाच लाख लिटर. भूमला रेल्वे नाही, त्यामुळे आमच्याकडे बातमी होण्यासारखं काही घडलं नाही. आमचं पाणी सायकलवरून आलं. कॅरिअरच्या दोन्ही अंगांना दोरीनं बांधलेले कॅन, हँडलला एखादी कळशी. अशी सायकल चालवायची नसते, ढकलायची असते. तेव्हा शिकलेली एक गोष्ट शाळेत कुणी सांगितली नव्हती: गच्च भरलेला कॅन निमूट बसतो, अर्धा भरलेला डचमळतो आणि वळणावर सायकल पाडतो. पाणी वाहायचं तर पुरतं भरून वाहावं.

पुण्याच्या वेदांगी कुलकर्णीच्या प्रवासाचे तपशील वाचताना मला ते कॅन आठवले. जुलै २०१८मध्ये ती ऑस्ट्रेलियातल्या पर्थहून सायकलवर निघाली. वय तेव्हा विशीच्या आसपास. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, कॅनडा, आइसलँड, मग पोर्तुगालपासून युरोप, रशिया आणि शेवटी भारत अशी मजल मारत २३ डिसेंबरला ती कोलकात्याला पोचली. १४ देश, १५९ दिवस, सुमारे २९ हजार किलोमीटर, आणि त्यातला बराचसा भाग सामान स्वतःच्या सायकलवर लादून, एकटीनं. स्पेनमध्ये चाकूच्या धाकावर लुटली गेली, कॅनडात अस्वल मागे लागलं, रशियात बर्फात तंबू ठोकून एकटीनं रात्री काढल्या. वर्तमानपत्रांनी अस्वल उचलून धरलं. साहजिक आहे. पण असल्या प्रवासात अस्वल एखाद्या दिवशी भेटतं आणि पाणी रोज लागतं. मला त्या रोजच्या गोष्टीत जास्त रस आहे.

आधी अंतराचं. २९ हजार हा आकडा आला कुठून? सायकलवरच्या पृथ्वीप्रदक्षिणेचे गिनेसचे नियम आहेत. प्रत्यक्ष पायडल मारलेलं अंतर किमान १८ हजार मैल, म्हणजे जवळजवळ २९ हजार किलोमीटर हवं; विमान-बोटीचं अंतर धरून एकूण प्रवास विषुववृत्ताच्या लांबीहून कमी नको; दिशा एकच हवी; आणि वाटेत अशी दोन ठिकाणं लागली पाहिजेत की पृथ्वीच्या पोटातून सुई आरपार काढली तर ती एका ठिकाणी शिरून दुसऱ्या ठिकाणी निघेल. शिवाय जिथून निघालात तिथंच संपवायचं. म्हणून कोलकात्यात हारतुरे झाले तरी पर्थला जाऊन उरलेले १५ किलोमीटर चालवणं बाकी होतंच.

२९ हजार भागिले १५९. रोजचे सरासरी १८२ किलोमीटर, अडून राहिलेले दिवसही धरून. योगायोग असा की पर्थहून पूर्वेला जाणाऱ्या रस्त्यावर बॅलाडोनिया ते कैगुना या दोन मुक्कामांमधलं अंतरही १८२ किलोमीटरच आहे. मध्ये गाव नाही, टपरी नाही. त्यातला १४६.६ किलोमीटरचा रस्ता तर वळतच नाही, फूटपट्टी ठेवून आखल्यासारखा सरळ. याच्या पुढे नलारबोरचं पठार लागतं. नावाचा लॅटिन अर्थच मुळी ‘झाड नाही’. मुक्काम म्हणजे रोडहाऊस: आपल्याकडचा पेट्रोलपंप, धाबा आणि लॉज एकाच छपराखाली.

तिथं पाणी का नाही हे आम्हाला लवकर कळतं, कारण आमचंही दुखणं खडकाचंच आहे. फक्त उलट्या बाजूनं. नलारबोर हा चुनखडीचा अवाढव्य दगड आहे. पडेल ते पाणी भेगांतून सरळ खाली जातं, वर नदी टिकत नाही. बालाघाटाचा काळा खडक पाणी मुरूच देत नाही; वरच्या मुरमात राहील तेवढं आपलं, बाकी वाहून गेलं. तिथं पाणी फार खोल, इथं बोअर हजार फूट नेला तरी फुफाटा. जमिनीवर दोन्हीकडे कोरडंच.

आता हिशेब मांडू. उन्हात सायकल मारणाऱ्याच्या अंगातून तासाला साधारण लिटरभर घाम जातो, रणरणत्या उन्हात त्याहून जास्त. ताशी १५-१८ किलोमीटरनं १८२ किलोमीटर म्हणजे दहा-बारा तास. म्हणजे दहा लिटर पाणी. म्हणजे दहा किलो, जवळजवळ आणखी एक सायकल. वेदांगी निघाली तेव्हा तिकडे हिवाळा होता, त्यामुळे घामाचा हा आकडा तिच्यासाठी कमी धरावा लागेल. पण मध्ये कुठे अडकलात तर रात्रीचंही पाणी जवळ हवं, आणि वारा काही ऋतू बघून वाहत नाही.

वाऱ्याचं गणित पाण्याहून कडवं आहे. सपाट रस्त्यावर ओझ्याचा जाच फारसा होत नाही. ताकद खाते ती हवा. ताशी २० किलोमीटरनं जात असताना समोरून तेवढ्याच वेगाचा वारा आला, तर अंगावर आदळणारी हवा दुप्पट वेगाची होते आणि तिचा रेटा चौपट. झाड नाही, घर नाही, आडोसा नाही. चढ निदान कुठेतरी संपतो.

चढाबद्दलचा एक गैरसमज मात्र मी आकडेमोड केल्यावर गळून पडला. माणूस, सायकल, सामान मिळून ९० किलो धरा आणि हजार मीटर वर चढवा. लागणारी ऊर्जा अंगाच्या कार्यक्षमतेनं भागली तर सुमारे ९०० ते १००० कॅलरी येते. आपल्याकडच्या बऱ्यापैकी जाड तीन ज्वारीच्या भाकरी. बस्स! डोंगर भाकरीत परवडतो. परवडत नाही तो श्वास. मनालीहून लेहला दरवर्षी महाराष्ट्रातली पुष्कळ पोरं सायकलनं जातात. त्या वाटेवरचा तंगलंग ला ५३०० मीटरच्या वर आहे. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्यावर येतो. पोटात तीन भाकरी असतात, पण त्या जाळायला लागणारा प्राणवायू प्रत्येक श्वासात निम्माच मिळतो. पाणी ८०-८५ अंशालाच उकळतं, त्यामुळे डाळ शिजता शिजत नाही. आणि हिमालयाच्या आडोशाला पाऊस पोचत नसल्यानं लडाख हे वाळवंटच. लेहला वर्षाकाठी जेमतेम १०० मिलिमीटर. आम्ही ज्याला दुष्काळ म्हणतो तो पाऊस तिथं महापूर ठरेल.

मग येतो काटा. अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या वाळवंटी भागात सायकलवाले एका काट्याच्या नावानं बोटं मोडतात. कसाही पडला तरी एक टोक वर ठेवणारा, टायरमधून ट्यूबपर्यंत घुसणारा. त्याचं शास्त्रीय नाव ट्रिब्युलस टेरेस्ट्रिस. म्हणजे आपला सराटा, वैद्यांचा गोखरू! माळावर अनवाणी हिंडलेल्या कुणाही पोराला ओळख करून द्यायला नको. तिथं तो बाहेरून गेलेला उपरा आहे. पायात रुतला की दगडावर घासून काढायचा, हा आमचा उपाय. सायकलवाला ट्यूबमध्ये चिकट द्रव भरून ठेवतो, भोक पडलं की ते आतून बुजतं. पण टायरच फाटला तर द्रव काय करणार? म्हणून टायर काढायचे लिव्हर, सोल्युशन, पॅच, पंप, चेन जोडायचं हत्यार आणि दोन-चार जादा तारा हे सामान पाण्याच्या खालोखाल. रिमची ‘आउट’ काढता येत नसेल त्यानं वाळवंटात एकट्यानं जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

‘एकट्यानं’ हा शब्दही जरा तपासून घ्यावा. २०१७ साली नाशिकचे लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुळनाथ आणि नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी ‘रेस ॲक्रॉस अमेरिका’ ही सुमारे ४८०० किलोमीटरची शर्यत एकट्याच्या गटात बारा दिवसांच्या आत पुरी केली. मोहावीचं वाळवंट आणि रॉकी पर्वत ओलांडून. पण मागे गाडी होती, गाडीत पाणी होतं, झोपेतून उठवणारी माणसं होती. त्यानं पराक्रम कमी होत नाही. जात वेगळी आहे. तिथे झोपेशी झुंज, इथे सामानाशी.

आणि त्याच्याही मागे जायचं तर १९२० च्या दशकातली मुंबई. १५ ऑक्टोबर १९२३ला बॉम्बे वेटलिफ्टिंग क्लबचे सहा पारशी तरुण जगप्रवासाला निघाले. अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तुम भुमगरा हे तिघे १९२८ला ७१ हजार किलोमीटर करून परतले. बगदाद ते अलेप्पो हे ९५६ किलोमीटरचं वाळवंट त्यांनी २३ दिवसांत काढलं. दिवसाला ४१-४२ किलोमीटर. वाळूत सायकल चालत नाही, ढकलावी लागते, हे त्या आकड्यातच दिसतं. पाठोपाठ १९२४ला निघालेला क्रीडापत्रकार फ्रामरोज दावर खरा एकटा. तब्बल अकरा महिने एकट्यानं सायकल मारत तो व्हिएन्नाला पोचला. तिथं त्याला गुस्ताव स्टाव्यानिक नावाचा ऑस्ट्रियन सायकलवाला भेटला आणि पुढचं सहारा, ॲमेझॉन सगळं दोघांनी मिळून केलं. एकटेपणाची हौस अकरा महिन्यांत फिटली असावी. यात मला काही कमीपणा वाटत नाही.

वेदांगीपुढे आणखी एक डोंगर होता: व्हिसाचा. भारतीय पासपोर्टवर निघालेल्याला बहुतेक देशांसाठी आधी रांग लावावी लागते. तारखा पुढे सरकत गेल्या आणि युरोप-रशिया थंडीत आले. तापमान उणे २० पर्यंत. त्याच वर्षी स्कॉटलंडच्या जेनी ग्रॅहमनं बाहेरची मदत न घेता १२४ दिवसांत प्रदक्षिणा केली. दोन आकडे शेजारी ठेवून तुलना करणाऱ्यांनी दोन पासपोर्टही शेजारी ठेवून बघावेत.

भूमच्या, परंड्याच्या, वाशीच्या पोरांनी मला विचारलं तर मी लडाख सांगणार नाही. एप्रिलमधल्या एखाद्या रविवारी पहाटे भूमहून कुंथलगिरीला सायकल काढा. खवा घ्यायचा तो परतताना, जाताना ओझं नको. सोबत चार लिटर पाणी, सोल्युशन-पॅच आणि पंप. मोटारसायकलवाला मित्र मागे नको. वाटेत पंक्चर झालं तर स्वतः काढा, आणि घरी आल्यावर बाटलीत किती पाणी उरलं ते मोजा.