बिनतारी संवेदक जालातील समूहप्रमुखाची निवड : खेळ सिद्धांताच्या दृष्टीतून

प्रस्तावना :

अमेरिकेतील मेन राज्याच्या किनाऱ्याजवळ असलेल्या ग्रेट डक बेटावर २००२ मध्ये बर्कले येथील संशोधकांनी लीच्स स्टॉर्म पेट्रेल या समुद्रपक्ष्याच्या अभ्यासासाठी ३२ संवेदक बसविले. विणीच्या काळात माणसाचा वावर या पक्ष्यांना बाधक ठरतो. त्यामुळे विद्युतघट न बदलता उपकरणे नऊ महिने चालावीत, असे उद्दिष्ट ठेवण्यात आले होते. बिनतारी संवेदक जालासंबंधीचे बहुतेक प्रश्न या एका अटीतून उद्भवतात.

संवेदकाची ऊर्जा मुख्यतः संदेश पाठविण्यात खर्ची पडते आणि हा खर्च किमान अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत जातो. म्हणून जवळच्या संवेदकांचा समूह करून त्यातील एकास प्रमुख नेमतात. प्रमुख इतरांच्या नोंदी एकत्र करून दूरच्या आधारकेंद्राकडे धाडतो. यात बचत सर्वांची होते, विद्युतघट मात्र प्रमुखाचा लवकर झिजतो. मग प्रमुखपद कोणी स्वीकारावे? प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार केला आहे.

हाइनझेलमन, चंद्रकासन व बालकृष्णन यांनी २००० मध्ये मांडलेल्या लीच पद्धतीत (पक्ष्याच्या नावाशी असलेले साम्य हा निव्वळ योगायोग) प्रत्येक संवेदक स्वतःपुरती सोडत काढतो. प्रमुखांचे प्रमाण ५ टक्के ठरविल्यास २० फेऱ्यांत प्रत्येकाची एकदा पाळी येते. पद्धती साधी आहे. परंतु कोणाकडे किती ऊर्जा उरली आहे, याची दखल ती घेत नाही.

स्वयंसेवकाचा पेच :

कोल्ट्सिडास व पाव्लिडू यांनी २०११ मध्ये हाच प्रश्न खेळ म्हणून मांडला. प्रत्येक संवेदक स्वार्थी खेळाडू आहे असे समजावे. कोणीतरी प्रमुख झाल्यास सर्वांच्या नोंदी पोहोचतात, तो प्रत्येकाचा लाभ. प्रमुखाच्या लाभातून मात्र त्याचा खर्च वजा होतो. कोणीच पुढे आले नाही तर सर्वांच्या पदरी शून्य. समाजशास्त्रज्ञ आंद्रेआस डीकमन यांनी १९८५ मध्ये वर्णिलेला स्वयंसेवकाचा पेच तो हाच.

या खेळाचा सममित नॅश समतोल काढता येतो. खर्चाला लाभाने भागावे, समूहातील संख्येतून १ वजा करून येईल त्या घाताचे मूळ काढावे आणि ते १ मधून वजा करावे; ही झाली प्रत्येकाने प्रमुख होण्याची संभाव्यता. खर्च लाभाच्या एक चतुर्थांश आहे असे मानू. दोनच संवेदक असतील तर प्रत्येक जण ७५ टक्के वेळा पुढे येतो व फेरी प्रमुखाविना जाण्याची शक्यता ६.२५ टक्के राहते. पाच असतील तर हीच शक्यता १७.७ टक्के होते. दहा असतील तर २१.४ टक्के. संख्या कितीही वाढविली तरी ती २५ टक्क्यांच्या आतच राहते, पण संख्येबरोबर वाढत मात्र जाते. जास्त संवेदक पेरले की जाल अधिक भरवशाचे होईल, ही आपली स्वाभाविक समजूत येथे उलटी पडते. 'दुसरा कोणी करील' ही प्रवृत्ती समूह वाढेल तशी बळावते.

येथे एक आक्षेप नोंदविणे आवश्यक वाटते. भिन्न मालकांच्या उपकरणांत स्वार्थ खरा असू शकतो. परंतु बेटावरील सर्व संवेदक एकाच प्रयोगाचे होते. यंत्राला स्वतःचा लोभ नसतो. त्याने कशाला लाभ मानावे, हे आपण ठरवितो. एकाने केलेल्या कामाचा लाभ दहाही जणांना होतो, हे हिशेबात धरून समूहाचा एकूण लाभ महत्तम केला, तर वरील उदाहरणात प्रत्येकाची संभाव्यता १४.३ ऐवजी ३३.६ टक्के येते आणि फेरी वाया जाण्याची शक्यता १.७ टक्क्यांवर उतरते. मोबदल्यात एका फेरीत सरासरी १.४ ऐवजी ३.४ प्रमुख होतात व ऊर्जा अधिक लागते. एखादी नोंद चुकली तर चालणार असेल तेथे पहिला पर्याय पुरेसा आहे. दरड कोसळण्याची पूर्वसूचना देणाऱ्या जालात तो मी तरी स्वीकारणार नाही.

दोन्ही सूत्रांना समूहातील संख्या ठाऊक असावी लागते, ही व्यवहारातील खरी अडचण होय. काही संवेदक बंद पडतात, काहींचा संपर्क तुटतो, आणि जुन्याच संख्येवर हिशेब करणारे उरलेले संवेदक गरजेपेक्षा कमी वेळा पुढे येतात. म्हणून ठराविक फेऱ्यांनंतर प्रत्येकाने छोटा हजेरी-संदेश पाठवून शेजाऱ्यांची मोजणी नव्याने करावी लागते. तिचाही खर्च त्याच विद्युतघटातून जातो.